९ फोनवरच बंद पडणारं वेचणीचं ॲप

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-मारेगावच्या पट्ट्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिच्या हिशोबाचं ॲप मी सांभाळतो. कंपनीचं, गावांचं आणि माणसांचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण यात चूक झाली ती आमच्या हातून, आणि त्रास झाला तो ज्यांना झाला त्यांना पुन्हा त्यात ओढायचं नाही.

काम तसं साधं. सीतादही (वेचणीआधी शेतात करायची पूजा) करून पहिला वेचा निघाला की पुढे तीन-चार महिने बायकांचे गट शेताशेतात कापूस वेचतात, मजुरी किलोवर मिळते, म्हणजे दिवसाला वजन किती भरलं हीच त्यांची कमाई. आधी हे सगळं वहीत लिहिलं जायचं आणि वहीवरून भांडणं व्हायची, अर्धा किलो इकडे तिकडे. म्हणून प्रत्येक गटाच्या प्रमुख ताईच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. संध्याकाळी लटकवायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गाठोडं चढलं की ताई बाईचं नाव निवडते, फेरी निवडते, काट्यावरचं वजन टाकते, ॲप त्यातून फडक्याचं वजन वजा करून निव्वळ वजन दाखवतं, मग जतन करा. नेटवर्क शेतात नसतंच, म्हणून सगळं फोनमध्ये साठतं आणि ताई गावात आल्या की सर्व्हरवर जातं.

एकूण ३१ फोन. बहुतेक सगळे स्वस्तातले, अँड्रॉइड ९ पासून १३ पर्यंतचे, काही तर नवऱ्याचे किंवा पोराचे जुने. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, आम्ही फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायचो आणि ताई ती टाकून घ्यायच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे महागात पडली.

अडचण

पहिल्याच सोमवारी संध्याकाळी एका गटाच्या ताईंचा फोन आला, "भाऊ, वजन टाकलं का तुमचं ॲप पटकन बंदच होऊन जाते जी." मी म्हटलं एकदा फोन बंद करून चालू करा. मंगळवारपर्यंत असे ९ फोन झाले. बाकी २२ व्यवस्थित.

लक्षण सगळीकडे तेच होतं. ॲप उघडतं, बायकांची यादी येते, फेरी निवडता येते, वजनाची चौकटही भरते, निव्वळ वजन बरोबर दिसतं, आणि जतन करा दाबलं की सगळं गायब, फोनचा तो "ॲप बंद पडले आहे" वाला संदेश. दर वेळी, न चुकता. शिवाय त्याच ९ फोनवरची सकाळची हजेरी फोनमध्ये जतन व्हायची पण सर्व्हरवर पोहोचायची नाही, "पाठवायचे बाकी" मध्ये पडून राहायची. हे दुसरं लक्षण आम्ही नेटवर्कच्या खात्यात टाकून मोकळे झालो. आपल्याकडे टॉवरची जी गत आहे त्यात हा संशय कोणालाही येईल, पण बाकी २२ फोन त्याच टॉवरवर होते हे मी बघायला हवं होतं.

शनिवारी मजुरीचं वाटप, म्हणजे हातात चार दिवस.

पहिला अंदाज आणि तो इतका खरा का वाटला

९ पैकी ७ फोन एकाच कंपनीचे निघाले. झालं, मी आणि ॲप लिहिणारा माझा नागपूरचा मित्र दोघांनीही ठरवून टाकलं की त्या कंपनीच्या फोनमध्येच काहीतरी आहे. असं खरंच असतंही, बऱ्याच कंपन्या अँड्रॉइडवर आपापले थर चढवतात, बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात, मेमरी कमी पडली की बंद करतात. मित्राला २०२१ च्या मार्चमधलं वेबव्ह्यूचं (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा अँड्रॉइडचा भाग) प्रकरण आठवलं, तेव्हा एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभर अँड्रॉइडवरची ॲप धडाधड बंद पडली होती. म्हणून वेबव्ह्यू अपडेट करायला सांगितलं, बॅटरीची बंधनं काढली, ॲप काढून परत टाकलं, फोनमधली जागा रिकामी केली. काहीच फरक नाही.

आता मागे वळून बघितलं की दोन गोष्टी तेव्हाच डोळ्यासमोर होत्या. त्या कंपनीचे आणखी ३ फोन अगदी नीट चालत होते, आणि बंद पडणाऱ्यांत २ फोन दुसऱ्याच कंपनीचे होते. दहातले ३ चालतात म्हटल्यावर कंपनीचा दोष कसा? पण सात हा आकडा मोठा दिसला आणि बाकीचे आम्ही "अपवाद असेल" म्हणून सोडून दिले.

बुधवारी मित्राने फोनवर बरोबर प्रश्न विचारला होता, "भाषेचा तर काही लोचा नाही ना?" मी ताडकन नाही म्हटलं. वणीकडच्या कोळसा खाणीच्या पट्ट्यातल्या आमच्या दोन ताईंचे फोन हिंदीत आहेत आणि ते उत्तम चालत होते, लिपी तीच, अक्षरं तीच, हिंदी चालतं तर मराठी का नाही चालणार. या एका उत्तराने दोन दिवस गेले. ते मी दिलं नसतं तर बुधवारी रात्रीच सुटलं असतं.

फॅक्टरी रिसेटने झालेली दिशाभूल

गुरुवारी एका ताईंचा फोन मी यवतमाळला घेऊन आलो, त्यांच्या परवानगीने सगळा पुसला आणि नव्यासारखा करून ॲप टाकलं. चाललं! पाच-सहा वजनं जतन केली, एकदाही बंद पडलं नाही. मला इतका आनंद झाला की मी गटाच्या ग्रुपवर लिहून टाकलं की उपाय सापडला, सगळे फोन रिसेट करावे लागतील.

शुक्रवारी सकाळी फोन ताईंना परत दिला, दुपारी त्यांचाच फोन, "परत तसंच होऊन राह्यलं भाऊ."

झालं असं होतं की रिसेटनंतर पहिल्यांदा फोन चालू होताना भाषा विचारतात, तिथे मी सवयीने इंग्रजी ठेवून पुढे गेलो होतो. ताईंना इंग्रजी वाचता येत नाही, घरी गेल्यावर त्यांच्या पोराने फोन पुन्हा मराठीत करून दिला. मी एका दमात दोन गोष्टी बदलल्या होत्या, फोन पुसणं आणि भाषा, आणि श्रेय दिलं होतं पुसण्याला. भाषा बदलली हे तर मला आठवतही नव्हतं.

काट्यावरचा दिवस

शुक्रवारी दुपारी लॅपटॉप आणि केबल घेऊन सरळ गावात गेलो. एका गोठ्याच्या पडवीत काटा लटकवलेला, कापसाचा ढीग अर्धा भिंतीपर्यंत, बायका गाठोडी सोडत बसलेल्या. ताईंच्या फोनमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन चालू केले, केबल लावली आणि फोनचा लॉग, म्हणजे आत काय चाललंय त्याची नोंद, लॅपटॉपवर वाहता ठेवला. हे काम सोमवारीच करायला हवं होतं.

ताईंनी गाठोडं चढवलं, ३८.४० किलो. फडक्याचे ०.६० गेले, निव्वळ ३७.८०. जतन करा. ॲप बंद. लॅपटॉपवर लाल अक्षरांत इंग्रजी ओळींची रांग आली आणि तिच्या बरोबर मधे, दोन अवतरण चिन्हांत, देवनागरीत लिहिलेलं होतं "३७.८०". त्याच्या अलीकडे नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. म्हणजे ॲपला या मजकुराचा आकडा करता आला नव्हता.

इथेही माझी पहिली प्रतिक्रिया चुकलीच. मी ताईंना म्हटलं, तुम्ही मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले का? त्या म्हणाल्या, "नाही जी, म्या तं इंग्रजीच दाबले, हे पाय." आणि त्यांनी माझ्यासमोर परत टाकले, खरंच इंग्रजी अंक. मग चौकटीत मराठी अंक आले कुठून? मी त्यांच्या फोनकडे बघत बसलो आणि वरच्या पट्टीत घड्याळ दिसलं, ४:५२, देवनागरीत. माझ्या फोनवर तेच घड्याळ इंग्रजी अंकांत. शेजारच्या गटाच्या ताईंचा फोन मागितला, त्यांचं ॲप चालत होतं, त्यांच्या घड्याळात इंग्रजी अंक. ग्रुपवर विचारलं, तुमच्या फोनमधलं घड्याळ कोणत्या आकड्यांत दिसतं ते कळवा. अर्ध्या तासात उत्तरं आली, बरोबर ९ फोन देवनागरीत.

खरं कारण

फोनची भाषा ठरली की आकडे, तारखा, महिने कसे दाखवायचे हे अँड्रॉइड त्या भाषेच्या नियमाने ठरवतं. हे नियम युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यातून येतात. त्यात मराठी आणि नेपाळीसाठी मूळ अंक देवनागरी आहेत, बंगालीसाठी बंगाली, आणि हिंदीसाठी मात्र इंग्रजी. म्हणून हिंदीतले फोन चालत होते. लिपी एकच असली तरी अंकांचा नियम वेगळा, आणि मी हिंदीवरून मराठीचा निकाल लावला होता.

आमच्या ॲपमध्ये निव्वळ वजन दोन दशांशांपर्यंत बसवायला जावाचं (ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ॲप लिहिलंय ती) स्ट्रिंग फॉरमॅट, म्हणजे आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन, वापरलं होतं, कोणत्या भाषेच्या नियमाने ते न सांगता. न सांगितलं की ते फोनची भाषा घेतं. मराठी फोनवर चौकटीत ३७.८० देवनागरीत बसायचं, दिसायला अगदी सुंदर. जतन करताना आम्ही त्याच चौकटीतला मजकूर परत वाचून त्याचा दशांश आकडा करायचो, आणि जावाचं डबल वाचणारं फंक्शन देवनागरी अंक मानत नाही, तिथेच ॲप कोसळायचं.

मग फेरी का चालत होती, तीही तर अशीच मजकुरातून वाचली जायची? कारण जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन कोणत्याही लिपीतले युनिकोड अंक ओळखतं. देवनागरीतला २ त्याला दोनच कळतो. जावातलीच ही दोन फंक्शनं वेगळी वागतात हे मित्राला आठ वर्षं कोड लिहूनही माहीत नव्हतं, आणि फेरी चालते म्हणजे आकड्यांचा प्रश्न नाही असं आम्ही दोघांनीही धरलं होतं.

हजेरीचंही तेच. तारीख मजकूर म्हणून साठवताना ती देवनागरी अंकांत बसायची, सर्व्हर ती तारीख नाकारायचा, नोंद बाकीमध्ये पडून. टॉवरचा काही संबंध नव्हता.

आणि ती एक कंपनी? तालुक्याच्या ठिकाणी एक मोबाईल दुकान आहे, तिथून या भागातले पुष्कळ लोक त्याच कंपनीचा फोन घेतात. दुकानदार नवा फोन चालू करून देताना विचारतो, मराठी ठेवू का, बायका हाव म्हणतात. चांगली गोष्ट करतो तो. आम्ही त्या सात फोनमधून कंपनी शोधून काढली, दुकान नाही.

समोर असलेले पर्याय

शुक्रवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी वाटप. चार रस्ते होते.

अध्यक्ष काकांचं म्हणणं सरळ होतं, ९ ताईंना सांगा फोन इंग्रजीत करा, दोन मिनिटांचं काम आहे. (त्याआधी बुधवारी ते ९ नवे फोन घ्यायलाही तयार झाले होते, ते थोडक्यात वाचलं.) मला हे पटलं नाही आणि मी तसं बोललो. ज्या बाईने आपल्या भाषेत फोन ठेवला म्हणून ती तो स्वतः वापरू शकते, तिला आपल्या चुकीसाठी तिचाच फोन परका करून द्यायचा? कॉल कुठून लावायचा, आलेला संदेश कुठे बघायचा, यासाठी पुन्हा पोराला हाक मारायची? काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हे बी खरं आहे, माह्या घरचा फोन मराठीतच आहे."

दुसरा रस्ता, अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, पण त्यासाठी ॲपमध्ये आधी तशी सोय जाहीर करावी लागते आणि ९ पैकी २ फोनच १३ चे होते. सोडून दिला.

तिसरा, ॲप सुरू होतानाच एका ओळीत सगळ्यासाठी इंग्रजी नियम लावून टाकायचा. मित्राचा कल याकडे होता, रात्रीत झालं असतं. पण मग पडद्यावरचे आकडे आणि महिनेही इंग्रजीत जाणार, आणि ॲप चालू असताना फोनची भाषा बदलली तर तो नियम परत उडतो, म्हणजे पुन्हा कधीतरी तेच.

चौथा, जिथे जिथे आकडा किंवा तारीख साठवली जाते, मोजली जाते, पाठवली जाते तिथे ठरलेला इंग्रजी नियम स्पष्ट लिहायचा, आणि जिथे फक्त माणसाला दाखवायचंय तिथे फोनची भाषा राहू द्यायची. काम जास्त, पण बरोबर हेच. गुगलच्या अँड्रॉइडच्या कागदपत्रांतही हेच सांगितलंय की यंत्राने यंत्राशी बोलायचं असेल तिथे अमेरिकन इंग्रजीचा नियम नाव घेऊन लावा, तो प्रत्येक फोनमध्ये असतोच.

काय केलं

शनिवारचं वाटप त्या ९ गटांपुरतं वहीवरून केलं. ताईंनी वह्या बंद केल्याच नव्हत्या, आम्ही "आता गरज नाही" म्हणून सांगितलं होतं तरी. त्या वह्या नसत्या तर आठवड्याची मजुरी अंदाजाने वाटावी लागली असती, आणि किलोला १० रुपये धरले तरी ३७-३८ किलोवाल्या बाईचे दिवसाचे पावणेचारशे होतात, तिथे अंदाज कोण लावणार.

शनिवार-रविवार मित्र कोडमध्ये बसला. अँड्रॉइड स्टुडिओचा तपासनीस अशा प्रत्येक ठिकाणी पिवळी सूचना देतो, भाषेचा नियम सांगितला नाही म्हणून. आमच्या कोडमध्ये अशा १७ सूचना पहिल्या दिवसापासून होत्या. सगळ्या एकेक करून बघितल्या. ११ ठिकाणी इंग्रजी नियम ठरवून दिला, ६ ठिकाणी नुसतं दाखवायचं होतं तिथे फोनची भाषाच ठेवली. पडद्यावरच्या चौकटीतून आकडा परत वाचणं पूर्ण बंद केलं, वजन आता ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून साठतं, ३७.८० म्हणजे ३७८०० ग्रॅम, दशांशाची भानगडच नाही. ताईंनी उद्या खरंच मराठी अंक टाकले तर तेही वाचता यावेत म्हणून आत येणारा प्रत्येक आकडा आधी एका रूपात आणतो.

अडकलेल्या हजेरीच्या नोंदींसाठी छोटं काम वेगळं केलं, जुन्या तारखेतले देवनागरी अंक बदलून मग पाठवायचं. सोमवारी नवी फाईल ग्रुपवर टाकायच्या आधी मी स्वतःचा फोन मराठीत करून तीन गावांत फिरलो.

निकाल

९ च्या ९ फोन चालले, अडकलेली हजेरी दोन दिवसांत सर्व्हरवर आली. एक गोष्ट अनपेक्षित चांगली झाली. ज्या ताईंचे फोन इंग्रजीत होते त्यातल्या तिघींनी शेजारणीच्या फोनवर मराठी अंकातलं वजन बघून आपलाही फोन मराठीत करून घेतला. एका मजूर काकूंनी गाठोडं उतरवता उतरवता पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि "सदतीस ऐंशी" म्हणून मोठ्याने सांगितला, आधी त्या ताईंना विचारायच्या.

पुन्हा करायचं झालं तर

तक्रार आली की मी आता सगळ्यात आधी सेटिंगचे दोन फोटो मागतो, भाषा आणि अँड्रॉइडचा नंबर. आधी मी विचारायचो, कोणता फोन आहे, किती जुना आहे. त्या प्रश्नातच माझा संशय बसलेला होता की स्वस्त फोन आहे म्हणजे दोष त्याचाच.

बंद पडल्याचा अहवाल ॲपने आपणहून जपून ठेवायला आणि नेट मिळाल्यावर पाठवायलाच हवा होता. प्ले स्टोअरवर असतं तर तिथे तरी दिसलं असतं, व्हॉट्सॲपवरून फाईल वाटली म्हणून आम्ही आंधळे राहिलो. आता ती सोय केलीय, त्यात फोनची भाषाही नोंदली जाते.

चाचणीला आता तीन फोन ठेवलेत, मराठी, हिंदी, इंग्रजी. पूर्ण मराठीत ॲप बनवणारी माणसं आम्ही, आणि आमच्यापैकी एकाचाही फोन मराठीत नव्हता. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

चालणारे आणि न चालणारे फोन मंगळवारीच एका कागदावर मांडून कंपनी, अँड्रॉइड, भाषा, दुकान, कोण वापरतं असे रकाने पाडले असते तर भाषेचा रकाना ९ ला ९ जुळलेला दिसला असता. आम्ही बिघडलेल्यांचीच यादी केली, चालणाऱ्यांची केली नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे रिसेटच्या दिवशी पाळलं असतं तरी पुरलं असतं.

एक गोष्ट मात्र राहून राहून टोचते. जागा रिकामी करण्याच्या नादात मी बुधवारी एका ताईंना फोनमधले व्हिडिओ काढून टाकायला लावले होते, नातवाच्या बारशाचे, ९ होते. त्या म्हणाल्या, "काढू का भाऊ, खरंच चालन मंग?" आणि मी हो म्हटलं होतं. नंतर कारण कळल्यावर त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की त्याची गरज नव्हती, माझी चूक झाली. त्यांच्या जावेने तेव्हा व्हॉट्सॲपवर घेतलेले होते, तिच्याकडून मागवून परत टाकून दिले. ७ मिळाले.